मेडिकल जर्नलसाठी रेफरन्सेस लावताना : नंदुरबारचा एक अनुभव

माझा पेपर डिसेंबरात छापून आला. विषय गरोदर मातांमधला सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार), माहिती सगळी नंदुरबार जिल्ह्यातली. पेपर कसा लिहावा, आकडेमोड कोणाकडून करून घ्यावी, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. शेवटच्या दोन-अडीच पानांबद्दल, म्हणजे रेफरन्सेसबद्दल, मात्र "ते शेवटी बघून घेऊ" यापलीकडे कोणी बोलत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. धडगाव, तळोदा, शिरपूर, चोपडा अशा ठिकाणी नोकरी सांभाळून पेपर लिहू पाहणारे बरेच डॉक्टर माझ्या ओळखीत आहेत. जवळ मोठं ग्रंथालय नाही, उठून विचारायला जावं असं कोणी नाही. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात जानेवारी २०२५ मध्ये झाली. एमडीचा थीसिस होऊन तीन वर्षं उलटली होती. धुळ्याला एका सीएमईत (डॉक्टरांच्या प्रशिक्षण-सभेत) थीसिसचे गाइड सर भेटले. म्हणाले, "अगं, आकडे जुने व्हायला लागलेत. या वर्षी पाठव, नाहीतर कपाटातच राहील." ते मला लागलं. अक्कलकुवा आणि धडगावच्या पाड्यांवरून पायी उतरून आलेल्या बायांचं रक्त आम्ही तपासलं होतं. ती माहिती कपाटात पडून राहणं मला सहन होण्यासारखं नव्हतं.

पहिलं काम म्हणजे जर्नल ठरवणं. हे आधी करा. जर्नल ठरल्याशिवाय रेफरन्सेसना हात लावू नका, कारण प्रत्येकाची मागणी वेगळी असते. मेलवर रोज आमंत्रणं येत होती : दोन दिवसांत स्वीकृती, इतके रुपये भरा, सर्टिफिकेट घ्या. ती बाजूला सारली. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा एनएलएम कॅटलॉग सगळ्यांना खुला आहे. त्यात जर्नलचं नाव टाकलं की ते सध्या मेडलाइनमध्ये, म्हणजे एनएलएमने निवडलेल्या जर्नल्सच्या सूचीत, इंडेक्स होतं का, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. "आमचे लेख पबमेडवर दिसतात" आणि "आम्ही मेडलाइनमध्ये आहोत" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : पबमेड हे लेख शोधायचं संकेतस्थळ, त्यावर मेडलाइनबाहेरचे लेखही दिसतात. बढतीच्या फाइलसाठी पेपर लिहिणाऱ्यांनी हा फरक आधीच बघून घ्यावा. सरांशी बोलून एका भारतीय संस्थेचं, लेखकाकडून फी न घेणारं जर्नल निवडलं.

मग त्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना छापून काढल्या आणि रेफरन्सेसवरचा भाग पेन्सिलीने अधोरेखित केला. मूळ संशोधनाच्या लेखाला जास्तीत जास्त ३० रेफरन्सेस. मजकुरात आकडा वर उचललेला, विरामचिन्हाच्या नंतर. सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिली सहा नावं, पुढे 'एट अल' (आणि इतर). जर्नलचं नाव संक्षिप्त. शेवटी डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक. माझ्या थीसिसमध्ये ११८ रेफरन्सेस होते, सगळे हाताने टाइप केलेले.

या पद्धतीला व्हँकुव्हर म्हणतात, हे एमबीबीएसपासून कानावर होतं. १९७८ साली काही मेडिकल जर्नल्सचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि हस्तलिखित कसं असावं याचे सामाईक नियम त्यांनी ठरवले. ते १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. तोच गट पुढे आयसीएमजेई, म्हणजे मेडिकल जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, झाला. रेफरन्सचे नमुने एनएलएमच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात : जर्नलचा लेख, पुस्तकातलं प्रकरण, सरकारी अहवाल, वेबपान, सगळ्यांचे. माझ्यासारखीने आधी तेच पान वाचावं. इतर ठिकाणची बरीच माहिती त्यावरूनच उचललेली असते.

एक रेफरन्स जवळून बघू, म्हणजे पुढचं समजेल. लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे हे दाखवलं, तो १९४९ चा लेख. तो असा लागतो : पाउलिंग एल, इटानो एचए, सिंगर एसजे, वेल्स आयसी. मग लेखाचं शीर्षक आणि पूर्णविराम. मग सायन्स. १९४९;११०(२८६५):५४३-८. आडनाव आधी, आद्याक्षरांमध्ये टिंब नाही, त्यांच्यात जागाही नाही. वर्षानंतर अर्धविराम, त्याला चिकटून खंड, कंसात अंकाचा क्रमांक, मग अपूर्णविराम (कोलन), मग पानं, आणि या सगळ्यात कुठेही मोकळी जागा नाही. ५४३ ते ५४८ ऐवजी ५४३-८. काही जर्नल्सना पूर्ण ५४८ लागतो. 'सायन्स' हे एकाच शब्दाचं नाव, म्हणून त्याचा संक्षेप होत नाही. 'लॅन्सेट' आणि 'ब्लड' यांचाही नाही. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' मात्र 'इंडियन जे मेड रेस' होतं. हा संक्षेप मनाने करायचा नसतो, एनएलएम कॅटलॉगमधून घ्यायचा असतो.

हे ३० वेळा हाताने करणं शक्य आहे. एक नवा रेफरन्स मध्ये घुसला की त्यापुढचे सगळे आकडे मजकुरात आणि यादीत बदलणं मात्र जिवावर येतं. बस स्टँडजवळच्या डीटीपीवाल्याने सगळी यादी लावून द्यायचे १५०० रुपये सांगितले होते. दर वाजवी होता, पण पेपर परत आला की पुन्हा १५०० आणि पुन्हा त्याच्या दुकानात बसणं. म्हणून फेब्रुवारीत झोटेरो उतरवून घेतलं.

झोटेरो हे रेफरन्सेस साठवून हव्या त्या पद्धतीने लावून देणारं फुकट सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहासाच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये ते सुरू केलं. खाते उघडलं तर ऑनलाइन ३०० एमबी जागा मिळते. पीडीएफ आपल्याच लॅपटॉपवर ठेवले तर तेवढी पुष्कळ झाली. अशाच कामाचं एंडनोट विकत घ्यावं लागतं, मेंडेली फुकट आहे. माझ्या एका मैत्रिणीचं मेंडेलीवर छान चालतं. कोणतंही घ्या, पण एकच घ्या, आणि सहलेखकांनाही ते आधी सांगून ठेवा.

बसवायला एक संध्याकाळ लागली. तीन गोष्टी हव्यात : मूळ प्रोग्रॅम, ब्राउझरमधला कनेक्टर आणि वर्डमध्ये दिसणारी झोटेरोची पट्टी. ती पट्टी दिसली नाही तर वर्ड पूर्ण बंद करून झोटेरोच्या सेटिंगमधून पुन्हा बसवायची. त्यानंतर जादूच्या कांडीचं चित्र असलेलं बटण दाबून त्यात लेखाचा पीएमआयडी (पबमेडवरचा क्रमांक) किंवा डीओआय टाकला की सगळी माहिती आपोआप येते. एकाखाली एक बरेच पीएमआयडी चिकटवले तरी चालतं. पीएमआयडी माहीत नसेल तर पबमेडवर सिंगल सायटेशन मॅचर आहे : जर्नल, वर्ष, खंड आणि पहिलं पान भरायचं, लेख समोर येतो. पहिले दहा लेख असे झरझर आले तेव्हा खूप हायसं वाटलं.

पुढे मात्र कष्ट होते. झोटेरो स्वल्पविराम सांभाळतं; त्यात भरलेली माहिती बरोबर आहे का, हे ते बघत नाही. ते माणसालाच बघावं लागतं. या दोन कामांची गल्लत केली की फसायला होतं, म्हणून मी ती वेगळी केली. आधी प्रत्येक नोंद तपासून घ्यायची, मग शैलीकडे बघायचं.

नोंदी तपासताना काय काय निघालं ते सांगते. काही लेखांची शीर्षकं प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं अशी आली होती, काही साधी. शीर्षकावर उजवी क्लिक करून 'सेंटेन्स केस' करता येतं, पण मग इंडिया आणि महाराष्ट्रसुद्धा छोट्या अक्षरांत येऊ शकतात; ते डोळ्यांनी बघून दुरुस्त करावे लागतात. एकच लेख दोन ठिकाणांहून दोनदा आला होता. अशा वेळी एक पुसून टाकू नका, 'मर्ज' करा, नाहीतर वर्डमधला त्या नोंदीचा दुवा तुटतो.

संस्थांच्या नावांनी मला सगळ्यात जास्त छळलं. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन ही संस्था आहे हे प्रोग्रॅमला कळत नाही. तो शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि यादीत 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' छापतो. केंद्राच्या आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाचं तर 'वेल्फेअर' हे आडनाव होऊन बसलं होतं. उपाय सोपा आहे. लेखकाच्या रकान्याच्या उजवीकडे एक लहानसं चिन्ह असतं. ते दाबलं की आडनाव-नाव असे दोन रकाने जाऊन एकच सलग रकाना होतो. संस्थेचं नाव तिथे पूर्ण लिहायचं. दुसऱ्यांच्या छापून आलेल्या पेपरांतही मी 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' पाहिलं आहे, इतकं ते सर्रास घडतं.

आपल्याकडच्या नावांचाही असाच गोंधळ होतो. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहितो. दक्षिणेतले अनेक लेखक आडनाव लावतच नाहीत. डेटाबेस कुठे पहिलं नाव आडनाव धरतो, कुठे मधलं. लेखाच्या पीडीएफवर नाव कसं छापलंय ते बघून तसंच लावावं. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय द्यायचं आणि त्याचं नाव उलटं छापायचं, हे मला पटत नाही.

मार्च असा गेला. दिवसा ओपीडी, लॅबचे रिपोर्ट, रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप. सासूबाई दारात येऊन म्हणायच्या, "जेवी ले व पहिले, मंग कर." त्यांना एवढंच ठाऊक होतं की मी पुस्तकांची यादी करते आहे आणि ती संपत नाही.

११८ मधून ३० निवडताना प्रत्येक लेख पूर्ण वाचावा लागला, आणि सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा. थीसिसमध्ये बरेच रेफरन्सेस दुसऱ्यांच्या यादीतून उतरतात, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. मी ठरवलं की जो लेख मी डोळ्यांनी पाहिला नाही तो यादीत राहणार नाही. एका जमातीतलं सिकलसेलचं प्रमाण सांगणारं एक वाक्य होतं. त्याचा रेफरन्स एक रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या लेखांचा आढावा, होता. त्या रिव्ह्यूने दुसऱ्या रिव्ह्यूचा दाखला दिला होता, आणि दुसऱ्याने एका जुन्या सर्वेक्षणाचा. ते सर्वेक्षण मिळवून वाचलं तर तो टक्का वाहकांचा निघाला, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या (एएस), सहसा स्वतः आजारी नसलेल्यांचा. वाटेत कुठेतरी तो आजारी लोकांचा झाला होता. वाहक आणि आजारी यांतला फरक आमच्या भागात रोज समजावून सांगावा लागतो. तोच फरक छापील लेखांतून पुसला जात असेल तर त्याचे परिणाम धडगावच्या समुपदेशन केंद्रापर्यंत पोचतात. वाक्य नव्याने लिहिलं आणि रेफरन्स मूळ सर्वेक्षणाचा दिला.

जुने लेख मिळतील की नाही याची धास्ती होती. बरेच मिळतात. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागोहून सिकलसेलचा पहिला रुग्ण नोंदवला तो लेख 'आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन'मधला. ते जर्नल २०१३ पासून 'जामा इंटर्नल मेडिसिन' झालं, तरी रेफरन्समध्ये त्या वेळचंच नाव द्यायचं. तसंच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चं. १९८८ मध्ये ते 'बीएमजे' झालं, त्यामुळे १९५२ च्या लेखाला 'बीआर मेड जे' असंच लागतं. तो १९५२ चा लेख लेहमन आणि कटबुश यांचा, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळल्याचा. पबमेड सेंट्रल या एनएलएमच्या फुकट संग्रहात त्याची मूळ पानं स्कॅन करून ठेवलेली आहेत. 'इंडियन मेडिकल गॅझेट'चे जुने अंकही तिथेच सापडतात. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर काटे आणि लिंगोजवार यांचा २००२ चा लेख बहुतेक सगळे देतात. तोही मी मूळ काढून वाचला आणि मगच ठेवला.

जे लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हते, त्यांच्या पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकांना मी साधं चार ओळींचं मेल लिहिलं. बहुतेकांनी आठवडाभरात पीडीएफ पाठवली, एकाने तर सोबत आणखी दोन लेख जोडले. एकाच लेखासाठी तीस-चाळीस डॉलर मागणारं पान बघून घाबरू नका. आधी मेल करा. शासकीय महाविद्यालयात शिकवत असाल तर ग्रंथपालांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दल विचारा. केंद्र सरकारची ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि तिच्यात ३० प्रकाशकांची १३ हजारांवर जर्नल्स येतात. थीसिस हवे असतील तर शोधगंगा आहेच.

एका रात्री झोटेरोने एका नोंदीवर लाल पट्टी दाखवली : हा लेख मागे घेतला गेला आहे. २०१९ पासून झोटेरो रिट्रॅक्शन वॉचच्या (मागे घेतलेल्या लेखांच्या) यादीशी नोंदी ताडून बघतं आणि सापडलं की असं कळवतं. आमच्या चर्चेतला एक मुद्दा त्या लेखावर उभा होता. तो मुद्दा काढला. मागे घेतलेला लेख, 'तो मागे घेतला गेला' हे सांगायचं असेल तरच द्यावा, असं आयसीएमजेईचं म्हणणं आहे. पबमेडवर लेख उघडल्यावर वर 'इरॅटम' लिहिलंय का तेही बघत जा. कधी कधी एखाद्या तक्त्यातला आकडा नंतर सुधारलेला असतो.

एप्रिलमध्ये एक ज्युनिअर मदतीला आला. त्याने चॅटबॉटकडून दहा रेफरन्सेस काढून आणले. दिसायला अगदी नीट, स्वल्पविरामासकट. एकेक डीओआय डीओआय डॉट ओआरजीवर टाकून पाहिला. काही उघडलेच नाहीत, काही भलत्याच विषयाच्या लेखावर गेले. आम्ही दोघांनी बसून ते सगळे काढून टाकले. त्यालाही ते मनापासून पटलं आणि पुढची तपासणी त्याने फार बारकाईने केली. ही तपासणी मी आता प्रत्येक यादीला लावते : प्रत्येक डीओआयवर क्लिक करायचं आणि शीर्षक जुळतंय का बघायचं. ३० रेफरन्सेसना तासभर लागतो.

सरकारी कागदांचे रेफरन्सेस हा स्वतंत्र विषय आहे. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलहून सुरू झालं. ० ते ४० वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. हे वाक्य लिहायला सोपं. त्याचा रेफरन्स मात्र बातमीचा द्यायचा नाही, मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांचा द्यायचा. वेबवरचा कागद असेल तर शीर्षकापुढे चौकोनी कंसात 'इंटरनेट', मग कोणत्या तारखेला पाहिला ते, आणि शेवटी पत्ता. सरकारी पत्ते बदलतात. म्हणून पीडीएफ उतरवून ठेवा आणि ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. मी जतन केलेल्यांपैकी एक पान जूनपर्यंत मूळ जागेवरून गेलेलं होतं.

नंदुरबारमध्ये आदिवासींचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे, हे आम्ही सगळे तोंडपाठ सांगतो. ते २०११ च्या जनगणनेतलं आहे, म्हणून रेफरन्स जनगणना आयुक्तांच्या तक्त्याचा दिला. रुग्णालयातली आमची नोंदवही मात्र रेफरन्स होऊ शकत नाही. ती अप्रकाशित माहिती, तिचा उल्लेख पद्धतींच्या भागात. परिषदेत ऐकलेलं भाषण किंवा कोणी फोनवर सांगितलेलं, हेही यादीत जात नाही.

आता शैली. झोटेरोच्या संग्रहात दहा हजारांवर शैली आहेत, त्यात व्हँकुव्हरचीच अनेक रूपं : कुठे आकडा साध्या कंसात, कुठे चौकोनी कंसात, कुठे वर उचललेला. आपल्या जर्नलचं नाव टाकून शोधा. सापडलं नाही तर सगळ्यात जवळची शैली घ्या आणि त्या जर्नलचा ताजा छापील लेख शेजारी उघडून तिच्याशी ताडून बघा. सूचनांचं पान कधी कधी जुनं असतं, ताजा लेख खरं सांगतो. वर्डमध्ये झोटेरोच्या 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मध्ये मेडलाइनचे संक्षेप वापरण्याची खूण असते, ती करून ठेवा.

तक्त्यातल्या रेफरन्सेसचा नियम फार कमी जणांना माहीत असतो. जो रेफरन्स फक्त तक्त्यात आहे, त्याला मजकुरात तो तक्ता पहिल्यांदा जिथे येतो तिथला क्रमांक मिळतो. समजा सहाव्या रेफरन्सनंतर मजकुरात 'तक्ता १' आला, तर तक्त्यातले लेख सातपासून सुरू होतात. जर्नलला तक्ते शेवटी किंवा वेगळ्या फाइलमध्ये हवे असतात. झोटेरो फाइलमधल्या जागेप्रमाणे क्रमांक देतं, त्यामुळे शेवटी ठेवलेल्या तक्त्यातल्या रेफरन्सेसना ते शेवटचे आकडे देतं. मी तक्ते शेवटपर्यंत मजकुरातच, उल्लेखाच्या लगेच खाली ठेवले आणि आकडे कायम झाल्यावर उचलून शेवटी नेले.

मे महिना फार कठीण गेला. पारा ४४ च्या वर, दुपारी वीज जायची, लॅपटॉपची बॅटरी जुनी. त्यात चार सहलेखकांच्या चार फाइली. एकाने मजकूर व्हॉट्सॲपवरून कॉपी करून पाठवला आणि त्यातले झोटेरोचे दुवे गेले. उरले नुसते आकडे. ते एकेक करून पुन्हा जोडले. तेव्हापासून नियम केला : मूळ फाइल एकाच लॅपटॉपवर, बाकीच्यांनी वर्डच्या ट्रॅक चेंजेसमध्ये सुचवायचं, रेफरन्स हवा असेल तर कॉमेंटमध्ये फक्त पीएमआयडी लिहायचा. सरांनीही तो पाळला. "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाले, आणि माझं ओझं हलकं झालं.

पाठवण्याआधी फाइलची एक प्रत करून त्या प्रतीवर 'अनलिंक सायटेशन्स' करायचं, म्हणजे आकडे आणि यादी साधा मजकूर होतात. जिवंत दुवे असलेली मूळ फाइल वेगळी, तारीख घालून, पेन ड्राइव्हवरही. ती हरवली तर दुरुस्तीच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेपर पाठवला. चार दिवसांत तांत्रिक तपासणीतून परत आला : दोन रेफरन्सेसना डीओआय नाही. त्या जुन्या लेखांना डीओआय मिळालेलाच नव्हता. क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या साध्या शोधात शीर्षक टाकून खात्री केली आणि उत्तरात तसं नम्रपणे लिहिलं. संपादकीय कार्यालयाने ते लगेच मान्य केलं. नसलेला डीओआय कुठून तरी आणून चिकटवू नका. परत आलेला पेपर म्हणजे नाकारलेला पेपर नव्हे, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

मग वाट बघणं. श्रावण आला, गावोगावी कानबाई बसली, ऑगस्टच्या शेवटी परीक्षकांची मतं आली. एका परीक्षकाने चार नव्या लेखांचा विचार करावा असं सुचवलं होतं. चारही वाचले. दोन खरोखर उपयोगाचे होते, ते घेतले. उरलेले दोन का घेतले नाहीत ते कारणासकट लिहिलं. ३० ची मर्यादा असल्याने दोन जुने काढले. इथे झोटेरोचं मोल कळलं : मूळ फाइलमध्ये हे बदल केले, 'रिफ्रेश' दाबलं, आणि सगळे आकडे आपापल्या जागी जाऊन बसले. दुसऱ्या परीक्षकाने लिहिलं होतं की रेफरन्सेस मूळ स्रोतांचे आहेत, हे चांगलं आहे. ते एक वाक्य मी सरांना आणि त्या ज्युनिअरला फोन करून वाचून दाखवलं.

ऑक्टोबरात स्वीकृती, नोव्हेंबरच्या शेवटी प्रूफ. प्रूफला ४८ तासांची मुदत होती आणि मी नेमकी मोलगीला शिबिरात, जिथे रेंज येते-जाते. म्हणून स्वीकृती मिळाली की पुढचे काही आठवडे मेल रोज बघत जा आणि एखाद्या सहलेखकालाही पासवर्ड देऊन ठेवा. प्रूफमध्ये समासात शंका होत्या : अमुक रेफरन्सचा अंक क्रमांक द्या, तमुकचं शहर द्या. छपाईवाल्यांनी आपल्या पद्धतीने यादी पुन्हा बसवताना एका लेखकाचं आडनाव आणि नाव उलटं केलं होतं. आपण सगळं बरोबर पाठवलं तरी प्रूफातली यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावीच लागते. तळोद्याला परत येऊन, मोबाइलच्या नेटवर, मुदतीत दुरुस्त्या पाठवल्या.

खर्च विचाराल तर छपाई आणि झेरॉक्सचे सहाएकशे रुपये, नेटचा जादा पॅक, धुळ्याला जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं. बाकी पैशाने काही घेतलं नाही.

डिसेंबरात पेपर ऑनलाइन आला तेव्हा त्यावरचा डीओआय उघडतच नव्हता, 'सापडला नाही' असं यायचं. प्रकाशकाने क्रॉसरेफकडे नोंद पोचवेपर्यंत काही दिवस असं होऊ शकतं. आठवड्यानेही उघडला नाही तर संपादकीय कार्यालयाला कळवायचं. आमचा पाचव्या दिवशी चालू झाला. मग तो ऑर्किडच्या (संशोधकांना ओळख क्रमांक देणाऱ्या) खात्यात जोडला, झोटेरोमधलं सगळं फोल्डर त्या ज्युनिअरला दिलं, आणि त्याने नवजात बाळांच्या तपासणीवरचा त्याचा पेपर त्याच्यावरच सुरू केला आहे.